काळ्या रानाचा चिखल आणि ट्रकचे इंजिन

ट्रकच्या इंजिनावर चिखल खालून चढतो. पुढच्या चाकांनी उडवलेला राडा आधी ऑइल चेंबरवर आणि सेल्फवर बसतो. चाक एका जागी फिरू लागले की तो आणखी वर जातो आणि अल्टरनेटर, होजपाइप, वायरिंगचे जोड यांना लिंपून टाकतो. त्यावर धूळ बसते, कुठल्यातरी जोडातून ऑइल पाझरत असते, आणि या साऱ्याचा मिळून जो थर तयार होतो तो नुसत्या पाण्याने निघत नाही. माणसाला इजा होऊ न देता, वायरिंगमध्ये पाणी न घालता आणि रेडिएटरची जाळी न वाकवता हा थर काढणे हे रीतसर काम आहे, आणि सोलापूर जिल्ह्यात ते दरवर्षी ठरल्या वेळी समोर येते.

ही वेळ दसरा-दिवाळीच्या आसपासची. खंडेनवमीला गाड्या धुऊन त्यांना झेंडूच्या माळा चढतात आणि पाठोपाठ साखर कारखान्यांचे बॉयलर पेटतात. राज्याचा 2024-25 चा गाळप हंगाम 15 नोव्हेंबरला सुरू झाला, तर 2025-26 चा 1 नोव्हेंबरला. पंढरपूर तालुक्यातले करकंब हे या उसाच्या पट्ट्यातले मोठे गाव. पंढरपूरहून टेंभुर्णीकडे जाणारा रस्ता येथूनच जातो, आणि विठ्ठलराव शिंदे सहकारी साखर कारखान्याचे दुसरे युनिट करकंबलाच आहे. पावसाळ्यात खत, विटा, धान्य वाहणारे ट्रक हंगामात उसाकडे वळतात. मधल्या थोड्या दिवसांत त्यांची डागडुजी होते, आणि त्या डागडुजीची पहिली पायरी म्हणजे धुणे.

फडातून येणारी माती

करकंबच्या शिवारात उसाला उजनी धरणाचे पाणी मिळते. त्यामुळे एका सरीत तोड चालू असते तेव्हा शेजारच्या रानाला पाणी सुटलेले असते, आणि गाडीवाट दोहोंच्या मधून जाते. भरलेला ट्रक त्या वाटेवर रुतला की चाक जागेवर फिरू लागते. मग ट्रॅक्टर येतो, टोचन लागते, दोन्ही गाड्या जोर करतात आणि गाडी बाहेर निघेपर्यंत इंजिनाचा खालचा अर्धा भाग काळ्या मातीने भरून जातो.

ही माती साधी नाही. दख्खनच्या बेसाल्ट खडकाची झीज होऊन ती तयार झाली आहे आणि तिच्यात स्मेक्टाइट गटातल्या चिकणमातीचे प्रमाण मोठे असते. या चिकणमातीचे कण अतिसूक्ष्म पापुद्र्यांचे असतात. पाणी मिळाले की ते पापुद्र्यांच्या मधल्या जागेत शिरते, माती फुगते आणि चिकट होते. पाणी गेले की ती आक्रसते आणि तिला भेगा पडतात. उन्हाळ्यात रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्याच कारणाने इंजिनावरच्या चिखलालाही भेगा पडतात. साफसफाईचा सारा हिशोब या एका गुणावर बसवता येतो. पूर्ण ओला चिखल पाण्यासोबत वाहून जातो, पूर्ण सुकलेला खपल्यांनी सुटतो. अर्धवट सुकलेला मात्र सर्वांत वाईट. तो ब्रशला चिकटतो, पसरतो आणि फटींत दाबला जातो.

फडातल्या मातीत पाचटाचे बारीक तुकडेही मिसळलेले असतात. पाचटाचे धागे मातीला धरून ठेवतात, त्यामुळे सुकलेला थरही सहज पडत नाही. त्यात उसाच्या रसाचा चिकटपणा असतोच. पावसाळ्यात गाडीने खत वाहिले असेल तर त्याचे सांडलेले दाणे हवेतला ओलावा ओढून घेतात आणि वायरिंगच्या जोडांवर हिरवट-पांढरी बुरशीसारखी पूड धरते. म्हणून करकंबच्या ट्रकवरचा चिखल आणि कोकणातल्या चिऱ्याच्या खाणीतून आलेल्या ट्रकवरची तांबडी माती एकाच पद्धतीने काढता येत नाही.

चिखल ठेवला तर काय होते

इंजिनात जळणाऱ्या डिझेलच्या उष्णतेचा बराच भाग बाहेर टाकावा लागतो. त्यातली काही उष्णता रेडिएटरमधून जाते, काही थेट इंजिनाच्या आणि चेंबरच्या पत्र्यावरून हवेत जाते. चिखलाचा थर ही दुसरी वाट अडवतो आणि रेडिएटरच्या जाळीत बसलेला राडा पहिली. मग पूर्ण भरलेली गाडी चढाला लागली की तापमानाचा काटा वर सरकतो, आणि चालकाला थर्मोस्टॅट बिघडला असे वाटते.

फॅनबेल्टमध्ये गेलेली माती पॉलिशपेपरचे काम करते. पुलीची खाच झिजते, बेल्ट घसरतो आणि सकाळी गाडी सुरू करताना किंचाळतो. सेल्फवर सतत ओली माती राहिली तर त्याचा सॉलिनॉइड अडकू लागतो. जाड वायरींच्या टोकांवरचा ओलावा तांबे खातो, आणि खराब झालेला जोड तापतो.

सर्वांत गंभीर धोका आगीचा आहे. टर्बो आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड भाराखाली कित्येक शे अंशांपर्यंत तापतात. त्यांच्या खाचांत वाळलेले पाचट अडकले आणि शेजारच्या पाइपमधून डिझेल किंवा ऑइल पाझरत असले, तर पेट घेण्यासाठी लागणारे सगळे एकत्र आलेले असते. चिखल हा पाझर लपवतो. ऑइलची ओल कोरड्या लोखंडावर लगेच दिसते, मातीत मात्र ती शोषली जाते आणि थर नुसता काळपट दिसतो. इंजिन धुण्याचे खरे कारण हेच. धुतलेले इंजिन दिसायला चांगले असते हा भाग गौण आहे, ते पाहता येते हे महत्त्वाचे. पाझर, चिरलेला होजपाइप, ढिली क्लिप, घासून उघडी पडलेली वायर, या गोष्टी मिस्त्रीला स्वच्छ इंजिनावरच सापडतात.

गाडी उभी करताना

वॉशिंग सेंटरवर सगळ्यांत मोठी घाई येथेच होते. ट्रक रस्त्यावरून थेट रॅम्पवर चढतो आणि लगेच पंप सुरू होतो. तापलेल्या ओतीव लोखंडावर एकदम गार पाणी पडले की वरचा भाग आक्रसतो आणि आतला फुगलेलाच राहतो. मॅनिफोल्डला किंवा टर्बोच्या आवरणाला तडा जाण्याचे हे सरळ कारण आहे. शिवाय उसळणारी वाफ समोरच्या माणसाचे तोंड भाजते. रेडिएटरचे झाकण तर गरम असताना उघडायचेच नसते. बंद यंत्रणेत सुमारे एक बार जादा दाब असला की पाणी 120 अंशांपर्यंत न उकळता राहते. झाकण सैल होताच तेच पाणी क्षणात वाफ होऊन उसळते.

इंजिनावर हात टेकवून ठेवता येईल एवढे ते थंड झाले की काम सुरू करावे. लांबून आलेल्या गाडीला त्यासाठी तासाहून अधिक वेळ लागतो. चालकाने जेवण याच वेळेत उरकावे. करकंबची बाजार आमटी तालुक्याबाहेरही नावाजलेली आहे, आणि ती घाईने खाण्याची गोष्ट नाही.

गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढून, चाकाला लाकडी ठोकळा लावून उभी करावी. त्यानंतर बॅटरी. ट्रकमध्ये 12 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून 24 व्होल्ट घेतलेले असतात. सेल्फकडे जाणारी जाड केबल बहुतेक गाड्यांत फ्यूजशिवाय असते. तिचा शॉर्ट झाला तर पाना लाल होईपर्यंत करंट वाहतो. म्हणून कट-आउट असेल तर तो बंद करावा, नसेल तर आधी निगेटिव्ह तार सोडावी. पॉझिटिव्ह आधी सोडताना पाना चेसीला लागला की तिथेच ठिणगी पडते. जोडताना उलट क्रम, निगेटिव्ह शेवटी.

1 एप्रिल 2020 पासून देशात बीएस-6 या प्रदूषण मानकाच्याच नव्या गाड्या विकल्या जातात. या ट्रकबाबत आणखी एक गोष्ट पाळावी लागते. त्यांच्या सायलेन्सरमध्ये युरियाचे द्रावण फवारले जाते. चावी बंद केल्यावर पंप नळ्यांतले उरलेले द्रावण परत टाकीत ओढून घेतो, आणि त्याला काही मिनिटे लागतात. चावी फिरवून लगेच कट-आउट पाडला तर द्रावण नळीत राहते, सुकते आणि पांढरे खडे होऊन नोझल चोक होतो.

टिल्ट केबिन असेल तर उचलण्यापूर्वी गाडी न्यूट्रलमध्ये घ्यावी, दारे घट्ट लावावीत, आतला जॅक, पाने, पाण्याचे कॅन खाली काढावेत. हे सामान केबिन उचलताच पुढच्या काचेवर येते. केबिन पूर्ण उचलून तिचे लॉक बसल्याचे डोळ्यांनी पाहावे. अर्धवट उचललेल्या केबिनखाली डोके घालणे म्हणजे काही क्विंटल वजन नुसत्या हायड्रॉलिकच्या सीलवर टांगून ठेवणे. जुन्या, स्थानिक बांधणीच्या केबिनमध्ये इंजिनाचे बोनेट चालक आणि क्लीनर यांच्या मधोमध असते. ते उघडून पाण्याचा फवारा मारला तर पाणी थेट डॅशबोर्डच्या वायरिंगमध्ये जाते. अशा गाडीत वरचा भाग फडक्याने पुसावा आणि पाणी फक्त खालून वापरावे.

हात घालण्याआधी टॉर्च मारून पाहणेही आवश्यक आहे. पावसाळ्यात काही आठवडे उभ्या राहिलेल्या गाडीत उंदीर घर करतात. त्यांनी कुरतडलेली वायर सापडते, आणि त्यांच्या मागावर आलेला सापही. नाग, घोणस, मण्यार हे तिन्ही विषारी साप या भागात आढळतात. बोनेटवर काठीने ठोकून थोडे थांबावे, चामडी हातमोजे घालावेत, आणि दंश झालाच तर वेळ न दवडता 108 ला फोन करून सरकारी रुग्णालय गाठावे.

पाण्याआधीचे काम

चांगला मिस्त्री पंपाला हात लावण्यापूर्वी निम्मे काम कोरडेच संपवतो. सुकलेली खपली लाकडी किंवा बांबूच्या कामटीने सोडवावी. लोखंडी खुरपे किंवा स्क्रूड्रायव्हर नको, कारण मातीखाली ॲल्युमिनियमचे भाग, प्लॅस्टिकचे कपलर आणि डिझेलच्या बारीक पाइपा असतात. चेंबर, इंजिनाची पाठ आणि क्लच हाउसिंग या भागांवर नायलॉनचा जाड ब्रश चालतो, वायरिंगजवळ रंगकामाचा जुना मऊ ब्रश. पाचट हाताने उपटून काढावे. ते पाण्याने भिजले की खाचेत आणखी घट्ट बसते.

कॉम्प्रेसरची हवा उपयोगी असली तरी तिचा दाब टायर भरण्याइतका ठेवू नये. दोन बारपेक्षा कमी हवेने धूळ उडते आणि जोड उखडत नाहीत. ब्रशिंग आणि हवा या दोन्ही वेळी नाकाला मास्क आणि डोळ्यांना गॉगल हवाच. कपडे झटकण्यासाठी ती हवा अंगावर घेण्याची सवय फार पसरली आहे. दाबाची हवा जखमेतून किंवा कानातून आत गेली तर गंभीर इजा करते, आणि ही सवय मोडायला हवी.

क्लच हाउसिंगच्या आतली धूळ हवेने उडवू नये. जुन्या गाड्यांच्या क्लच आणि ब्रेकच्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. तो भाग ओल्या फडक्याने टिपावा.

कोरडे काम संपले की झाकाझाकी. एअर फिल्टरचे तोंड, अल्टरनेटर, फ्यूज बॉक्स, इंजिनाचा कंट्रोल युनिट म्हणजे ईसीएम, सेन्सरचे उघडे कपलर, डिपस्टिक आणि ऑइल भरायचे तोंड, ब्रीदरचा पाइप, एवढे तरी झाकलेच पाहिजे. यासाठी महाग काही लागत नाही. जाड पॉलिथिनच्या पिशव्या आणि टायरच्या जुन्या ट्यूबमधून कापलेल्या रबरी रिंगा पुरतात. एक पथ्य पाळावे. किती पिशव्या बांधल्या ते बॉडीवर खडूने लिहून ठेवावे आणि गाडी सुरू करण्यापूर्वी तेवढ्याच सुटल्या का ते मोजावे. एअर फिल्टरच्या तोंडावर राहिलेली एक पिशवी इंजिन आत ओढते, आणि अल्टरनेटरवरची वितळून त्याच्या फटीत जाते.

जेटचा जोर आणि वायरिंग

नव्या गाडीचे वायरिंग वॉटरप्रूफ असते, मग जेट मारायला हरकत काय, असा प्रश्न वॉशिंग सेंटरवर नेहमी येतो. विद्युत भागांत पाणी आणि धूळ किती शिरू शकते हे आयपी नावाच्या मानकाने मोजतात. आयपी 67 असा शिक्का असलेला कपलर एक मीटर खोल पाण्यात 30 मिनिटे राहिला तरी आतून कोरडा राहतो. हे मोठे वाटते, पण एक मीटर पाण्याचा दाब जेमतेम 0.1 बार असतो, आणि वॉशिंगचा पंप 100 बारच्या घरात चालतो. जेटसाठी वेगळीच कसोटी आहे. जर्मनीत रस्त्यावरच्या वाहनांसाठी ती तयार झाली आणि तिला आयपी 69के म्हणतात. तिच्यात 80 अंशांचे गरम पाणी 80 ते 100 बार दाबाने, 10 ते 15 सेंटीमीटर अंतरावरून, चार कोनांतून प्रत्येकी 30 सेकंद मारले जाते. ट्रकमधला प्रत्येक जोड या कसोटीला उतरलेला नसतो. उतरलेला असला तरी काही वर्षे उन्हातापात राहून रबरी सील कडक झालेले असते, त्यामुळे नव्या कपलरची हमी जुन्याला लागू होत नाही.

आत शिरलेले पाणी लगेच दिसत नाही, ही खरी अडचण आहे. गाडी रॅम्पवरून नीट सुरू होऊन जाते. पाणी कपलरच्या पिनांवर बसून राहते, आठवड्या-दोन आठवड्यांनी पिना हिरव्या पडतात आणि मग चेक इंजिनचा दिवा लागतो. तोपर्यंत गाडी कारखान्याच्या नंबरात उभी असते आणि दोष धुण्यातला आहे हे कुणाच्या ध्यानात येत नाही.

म्हणून इंजिनाच्या भागात जेटऐवजी साध्या नळाचे किंवा पंख्यासारखा पसरट फवारा देणाऱ्या नोझलचे पाणी वापरावे, आणि ते हातभर तरी लांबून. जेट चालवायचाच असेल तर चेसी, चाकाच्या कमानी, गिअरबॉक्सचा खालचा भाग यांवर. तेथेही पाण्याची धार ऑइल सीलवर, प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसवर किंवा डिफरन्शियलच्या ब्रीदरवर एका जागी धरू नये.

काळ्या मातीला वेळ द्यावा लागतो. हलके पाणी मारून दहा-पंधरा मिनिटे थांबले की पाणी चिकणमातीच्या पापुद्र्यांत शिरते, थर फुगतो आणि लोखंडावरची पकड सोडतो. मग ब्रशचा एक हात पुरतो. ज्याने हे थांबणे टाळले तो तेवढीच माती काढण्यासाठी जास्त पाणी आणि जास्त दाब वापरतो.

तेलकट भागाला साबण लागतो. गाड्यांचा शाम्पू किंवा इंजिनासाठी मिळणारा सौम्य डिग्रीजर पाण्यात मिसळून ब्रशने लावावा आणि सुकण्यापूर्वी धुवावा. काही ठिकाणी कॉस्टिक सोडा वापरतात. तो स्वस्त आहे आणि ऑइल चटकन सोडवतो, पण ॲल्युमिनियमलाही खातो आणि त्या क्रियेत हायड्रोजन वायू सुटतो. आजच्या ट्रकचा रेडिएटर, इंटरकूलर आणि अल्टरनेटरचे आवरण ॲल्युमिनियमचेच असते. कॉस्टिकचा एक थेंब डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. इंजिनाच्या कामातून तो हद्दपारच करावा. बॅटरीच्या टोकांवर आलेल्या पांढऱ्या-हिरव्या पुडीला मात्र स्वयंपाकघरातला खाण्याचा सोडा उत्तम. चमचाभर सोडा पाण्यात कालवून जुन्या टूथब्रशने लावावा, बॅटरीची झाकणे घट्ट बंद ठेवून. सोडा आत गेला तर बॅटरीतले ॲसिड निकामी होते.

नळाचे पाणी कसले आहे, हेही पाहावे. या भागातल्या अनेक बोअरचे पाणी जड आहे. ते तापल्या जागी सुकले की पांढरा क्षार मागे राहतो आणि रेडिएटरच्या जाळीवर साचत जातो. शेवटचे धुणे तरी गोड्या पाण्याने करावे.

रेडिएटरची जाळी

रेडिएटरच्या पत्र्या कागदाइतक्या पातळ असतात. त्यांच्या फटी मोकळ्या आहेत की बंद, हे पाहण्याची सोपी रीत आहे. इंजिनाच्या बाजूने टॉर्च धरायचा आणि समोरून पाहायचे. स्वच्छ जाळीतून उजेडाची एकसारखी जाळीदार नक्षी दिसते. ज्या भागात उजेड नाही तो भाग चोक. उसाच्या ट्रकमध्ये हे अंधारे पट्टे बहुधा खालच्या दोन कोपऱ्यांत सापडतात, कारण चाकाचा राडा तेथे पोचतो आणि पाचटाचा भुसाही घसरून तेथेच जमतो.

टर्बो असलेल्या ट्रकमध्ये रेडिएटरच्या पुढे इंटरकूलर असतो. दोहोंच्या मधल्या बोटभर जागेत धूळ, किडे, पाचटाचा कूस यांचा नमद्यासारखा थर बसतो. बाहेरून पाहता पुढची जाळी चकचकीत दिसते आणि मागची पूर्ण बंद असते. दर हंगामापूर्वी एकदा तरी इंटरकूलरचे बोल्ट सोडून, तो पुढे कलवून ही मधली जागा साफ करावी. गाडी तापते म्हणून बदललेले कित्येक थर्मोस्टॅट चांगले असतात. दोष या थरात असतो.

गाडी चालताना हवा समोरून आत येते, म्हणून घाण समोरून आत रुतते. ती काढायची दिशा उलट हवी, म्हणजे इंजिनाकडून पुढे. पाणी किंवा हवा जाळीला अगदी काटकोनात मारावी. तिरकी धार पत्र्या झोपवते आणि एकदा झोपलेली पत्री हवा कायमची अडवते. थोड्या वाकलेल्या पत्र्या बारीक कंगव्याने सरळ होतात, पण ते काम नखाच्या हलकेपणाने करावे लागते.

डिझेलचा फवारा

धुणे झाले की इंजिनावर हवेच्या गनने डिझेल किंवा रॉकेल फवारायची पद्धत महाराष्ट्रातल्या बहुतेक वॉशिंग सेंटरवर दिसते. इंजिन काळेभोर चमकते, ग्राहक खूश होतो. ही चमक महागात पडते. डिझेलने होजपाइप, माउंटिंग आणि बुशांचे रबर फुगते आणि मऊ पडते. ओशट पृष्ठभागावर पहिल्याच फेरीत धूळ चिकटते, म्हणजे धुण्याचा फायदा दोन दिवसांत संपतो.

आगीचा धोका तर याहून मोठा. डिझेल पेट्रोलसारखे चटकन पेटत नाही म्हणून ते निर्धोक, असा समज आहे. ज्या तापमानाला इंधनाची वाफ ठिणगीने पेटू शकते, त्याला फ्लॅश पॉइंट म्हणतात. युरोपीय मानकात डिझेलचा फ्लॅश पॉइंट 55 अंशांहून जास्त असावा लागतो. आयएस 1460 या भारतीय मानकात ही मर्यादा किमान 35 अंश आहे. सोलापूर जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा 40 च्या वर जातो. म्हणजे उन्हाळ्यात भर दुपारी, नुसत्या हवेच्या उष्णतेने, डिझेल त्या मर्यादेपलीकडे गेलेले असू शकते. शिवाय गनमधून निघालेले सूक्ष्म थेंब साठ्यातल्या डिझेलपेक्षा कितीतरी सहज पेटतात. शेजारी वेल्डिंग चालू असेल, कुणी बिडी ओढत असेल किंवा मॅनिफोल्ड पुरते निवलेले नसेल, तर एवढे पुरे आहे. मालकाने रॅम्पवर गाडी लावतानाच डिझेल मारू नका असे स्पष्ट सांगावे. गंज टाळायचा असेल तर उघड्या लोखंडी भागांना, बोल्टांच्या आट्यांना पातळ ग्रीस किंवा गंजरोधक तेल फडक्याने लावता येते, तेही मॅनिफोल्ड आणि टर्बोपासून दूर.

वाळवणे, ग्रीसिंग आणि पहिली खेप

धुतलेले इंजिन उघडे ठेवून उन्हात दोन तास तरी वाळू द्यावे. कपलरवरचे पाणी फडक्याने टिपावे, खोलगट जागांतले हलक्या हवेने काढावे. इंजिन चालू करून त्याच्याच उष्णतेने वाळवणे चूक, कारण फिरणारा फॅन उरलेले पाणी अल्टरनेटरवर आणि वायरिंगवर फेकतो. चालू इंजिनावर पाणी मारणे तर त्याहून वाईट. सैल बाही किंवा गळ्यातला गमछा बेल्टमध्ये गेला तर हात काढायला सवड मिळत नाही.

वाळत असतानाच पाहणी उरकावी. होजपाइप दाबून पाहावेत, क्लिपा हलवून पाहाव्यात, डिझेलच्या पाइपा कशाला घासत नाहीत ना ते बघावे. कॉमन रेल इंजिनात या पाइपांतला दाब 1600 बार किंवा त्याहून जास्त असतो. चालू इंजिनावर त्यांचा पाझर बोटाने चाचपू नये. न दिसणारी धार कातडी भेदून आत जाते. वॉशिंगच्या जेटनेही असेच होऊ शकते. बाहेर टाचणीएवढे छिद्र दिसते आणि आत खोलवर इजा झालेली असते. अशा जखमेला मलमपट्टी करून थांबू नये, शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात त्याच दिवशी जावे.

पाण्याने ग्रीस निघते, म्हणून धुण्यानंतर ग्रीसिंग ठरलेलेच. किंगपिन, पाट्यांचे शॅकल, प्रोपेलरचे क्रॉस यांच्या निपलमधून जुने काळे ग्रीस बाहेर येऊन नवे दिसेपर्यंत पंप मारावा. डिपस्टिक काढून ऑइल पाहावे. त्याचा रंग दुधाच्या चहासारखा झाला असेल तर आत पाणी गेले आहे, आणि ऑइल बदलल्याशिवाय सेल्फ मारू नये. पिशव्या मोजून काढाव्यात, बॅटरी जोडावी, गाडी पाच मिनिटे आयडलवर ठेवून बेल्टचा आवाज ऐकावा आणि डॅशबोर्डचे दिवे पाहावेत. ओले ब्रेक नीट धरत नाहीत. रस्त्याला लागण्याआधी मोकळ्या जागेत दोन-चार वेळा हळू ब्रेक मारून ते सुकवावेत.

पुरात बुडालेल्या गाडीला यातले काही लागू होत नाही. ऑक्टोबर 2020 मध्ये भीमेला आणि सप्टेंबर 2025 मध्ये सीनेला आलेल्या पुरात सोलापूर जिल्ह्याने पाणी किती झपाट्याने चढते हे पाहिले. इंजिनाच्या वर पाणी चढून गेलेल्या गाडीला सेल्फ मारणे ही सर्वांत घातक चूक असते. सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी दाबले जात नाही, त्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकतो. अशी गाडी टोचन लावून गॅरेजला न्यावी.

रॅम्पखालचे पाणी

धुण्याचे पाणी रॅम्पवरून उतरते तेव्हा त्यात माती, ऑइल, ग्रीस आणि साबण असतो. ते सरळ चारीत सोडले तर शेजारच्या रानात किंवा ओढ्यात जाते, आणि या भागातले ओढे शेवटी भीमेलाच मिळतात. उपाय साधा आहे. रॅम्पखाली एकामागोमाग तीन टाक्या बांधायच्या. पहिलीत माती खाली बसते, दुसरीत ऑइल वर तरंगते, आणि तिसरीत पाणी दुसरीच्या तळाकडून पाइपने येते, म्हणून ऑइल मागेच राहते. वर जमलेले ऑइल डब्यात काढून नोंदणीकृत पुनर्प्रक्रियादाराला द्यायचे. वापरलेले ऑइल 2016 च्या घातक कचरा नियमांत मोडते. ते जाळणे किंवा जमिनीत ओतणे नियमबाह्य आहे. तेलकट चिंध्याही ढीग करून ठेवू नयेत, त्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाकाव्यात.

ओल्या फरशीवर उघड्या पायांनी उभा असलेला कामगार, हातात धातूची गन आणि मागे जोडकाम केलेली वायर, हे दृश्य धोक्याचे आहे. पंपाच्या मोटारीला पक्के अर्थिंग आणि 30 मिलीॲम्पिअरचा आरसीसीबी असला तर गळती होताच वीज क्षणात तुटते. कामगाराला गमबूट, गॉगल आणि रबरी हातमोजे मालकाने द्यायचे असतात. करकंब परिसरातल्या वॉशिंग सेंटरच्या मालकांनी हंगामाची पहिली मोळी पडण्यापूर्वी हा आरसीसीबी बसवून घ्यावा आणि त्याचे टेस्ट बटन महिन्यातून एकदा दाबून पाहावे.